कूलरवर चालणारं डेटा सेंटर आणि कोळशाची वीज: प्राइनविलचं प्रकरण

मी विदर्भातला, त्यामुळे कूलर कसा चालतो हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. एप्रिल लागला की माळ्यावरून कूलर उतरवायचा, मागच्या वर्षीचं कुजलेलं गवत काढून नवीन भरायचं, पंप फिरतो का बघायचं आणि खिडकीत बसवायचा. आईची एक ताकीद कायम असायची, समोरची खिडकी उघडी ठेवा नाहीतर खोलीत नुसती चिकचिक होईल. पुढे नोकरीत सर्व्हर रूम, म्हणजे चोवीस तास चालणारे कॉम्प्युटर ठेवलेली खोली, सांभाळायला लागलो तिथे मात्र एसी 18 वर लावून आत जाताना स्वेटर घालायची पद्धत होती, आणि एवढं थंड कशाला असं विचारलं की मशीन तापतात एवढंच उत्तर मिळायचं. हे सगळं मला नीट विचार करून बघायला लावलं ते अमेरिकेतल्या ओरेगन राज्यातल्या प्राइनविल नावाच्या छोट्या गावानं, म्हणजे तिथे फेसबुकनं बांधलेल्या डेटा सेंटरनं, नुसत्या सर्व्हरसाठी बांधलेल्या अवाढव्य इमारतीनं. प्रकरण 2010-11 चं आहे, जुनं आहे, पण आत्ता नवी मुंबईच्या ऐरोली, महापे, रबाळे पट्ट्यात एकामागून एक डेटा सेंटर उभी राहतायत ते बघता पुन्हा एकदा सविस्तर लिहावंसं वाटलं, कारण यात मोठं यश आहे, एक मजबूत तांत्रिक चूक आहे आणि एक असा प्रश्न आहे जो इंजिनिअर लोकांनी सुरुवातीला आपला मानलाच नव्हता.

प्राइनविल त्यावेळी साधारण 9 हजार वस्तीचं गाव. लाकडाच्या मिलवर जगलेलं, मग मिल बंद पडत गेल्या, एका मोठ्या टायर कंपनीचं मुख्य ऑफिस होतं तेही शेजारच्या बेंड शहरात गेलं, गावात बेकारी भरपूर. जानेवारी 2010 मधे फेसबुकनं जाहीर केलं की आमचं स्वतःचं पहिलं डेटा सेंटर इथे होणार, त्याआधी ते दुसऱ्यांच्या डेटा सेंटरमधे जागा भाड्यानं घेऊन काम चालवत होते. गावानं आणि राज्यानं करात सवलत दिली हा भाग होताच पण तांत्रिक कारण हवेचं होतं. तो भाग उंचावरचं कोरडं वाळवंट आहे, दिवसा ऊन असलं तरी हवेत ओल नाही आणि रात्री चांगलं गार होतं. म्हणजे कूलरसाठी याहून चांगली जागा शोधून सापडणार नाही.

आता आकडा समजून घेऊ, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. डेटा सेंटरमधे एकूण जेवढी युनिटं जळतात त्याला फक्त सर्व्हर, स्टोरेज आणि नेटवर्कनं खाल्लेल्या युनिटांनी भागायचं, जे उत्तर येतं त्याला पीयूई म्हणतात, 2007 पासून ग्रीन ग्रिड नावाच्या संघटनेनं हे माप रूढ केलं. उत्तर 1 आलं तर सगळी वीज कामालाच लागली, 2 आलं तर सर्व्हरला एक युनिट पोचवायला एसी, यूपीएस (लाईट गेली तर बॅटरीवरून वीज देणारं यंत्र), दिवे यांनी आणखी एक युनिट खाल्लं. त्या काळात साध्या डेटा सेंटरचं पीयूई दीडच्या वर असायचं, दोन असलं तरी कुणाला धक्का बसायचा नाही. प्राइनविलला डिझाइन करताना टार्गेट होतं 1.15, आणि पूर्ण लोड टाकून मोजलं तेव्हा आलं 1.07. सर्व्हरला 100 युनिटं लागत असतील तर वरचा खर्च फक्त 7. फेसबुकनं सांगितलं की आमच्या आधीच्या सेंटरच्या तुलनेत 38 टक्के कमी वीज आणि 24 टक्के कमी खर्च.

हे केलं कसं ते बघण्यासारखं आहे, कारण यात जादूचं एकही मशीन नाही, उलट बरीच मशीन काढून टाकलीत.

हवेचं आधी. तिथे चिलर नाहीतच, म्हणजे कॉम्प्रेसरवाली थंड पाण्याची मशीन नाहीत. इमारतीच्या वरच्या मजल्यावरून बाहेरची हवा आत घेतात, फिल्टरमधून नेतात, उन्हाळा असेल तर तिच्यावर पाण्याचे बारीक फवारे मारतात, पाणी वाफ होताना हवेतली उष्णता घेऊन जातं आणि ही गार हवा खाली सर्व्हरच्या समोर सोडतात. गार हवा जड म्हणून आपसूक खाली उतरते. सर्व्हरमधून निघालेली गरम हवा वर जाते, बाहेर टाकून देतात, हिवाळ्यात त्यातलीच थोडी परत मिसळून आत घेतात आणि थोडी ऑफिसच्या खोल्या गरम करायला वापरतात. झाला कूलर. दुसऱ्या टप्प्यात तर त्यांनी फवारे काढून ओल्या पॅडमधून हवा नेणारी व्यवस्था घेतली, म्हणजे आपल्या कूलरच्या ताटीशी नातं आणखी जवळचं झालं. आणि महत्त्वाचं म्हणजे सर्व्हरसमोरची हवा साधारण 27 डिग्रीपर्यंत चालेल असं ठरवूनच डिझाइन केलं. 18 चा हट्टच सोडला. आश्रे ही एसीवाल्या इंजिनिअर लोकांची संस्था तिनंही 2008 मधे सर्व्हरसाठी शिफारशीची वरची मर्यादा 27 केलीच होती, पण सर्व्हर रूम सांभाळणाऱ्यांपर्यंत ते कागदावरून उतरायला वर्षानुवर्षं लागली, आपल्याकडे तर अजून लागतायत.

मग वीज. नेहमीच्या डेटा सेंटरमधे बाहेरून आलेली वीज आधी यूपीएसमधे जाते, तिथे एसीची (म्हणजे दिशा बदलत वाहणाऱ्या विजेची, थंड करणारा एसी नव्हे) डीसी (एकाच दिशेनं वाहणारी वीज) होते, डीसीची परत एसी होते, मग ट्रान्सफॉर्मरमधून व्होल्टेज उतरतं, मग सर्व्हरच्या पॉवर सप्लायमधे पुन्हा डीसी होते. दर टप्प्याला थोडी वीज उष्णता होऊन जाते आणि ती उष्णता बाहेर काढायला परत वीज, असा दुहेरी मार. प्राइनविलमधे मोठं मध्यवर्ती यूपीएसच ठेवलं नाही. 480 व्होल्टची थ्री फेज येते तिच्यातल्या एका फेजवर 277 व्होल्ट मिळतात, तेच थेट सर्व्हरच्या पॉवर सप्लायला दिले, आणि पॉवर सप्लाय असा बनवून घेतला की त्याची कार्यक्षमता 94 टक्क्यांच्या वर. लाईट गेली तर डिझेल जनरेटर सुरू होईपर्यंतचा वेळ काढायला रॅकच्या (सर्व्हर रचलेल्या कपाटांच्या) शेजारीच 48 व्होल्टच्या बॅटऱ्यांची कपाटं. नेहमी वीज त्यातून फिरवायची नाही, गेली तरच घ्यायची.

आणि सर्व्हर. इथे मला त्यांचं सगळ्यात जास्त कौतुक वाटतं कारण इमारतवाले आणि सर्व्हरवाले एकत्र बसले, जे आपल्याकडे क्वचितच होतं. सर्व्हरच्या पेटीला रंग नाही, लोगो नाही, समोरची शोभेची जाळी नाही, असं करत करत एका सर्व्हरमागे 6 पाउंड म्हणजे जवळपास पावणेतीन किलो माल वाचला. पेटी नेहमीपेक्षा उंच केली म्हणजे आत मोठे पंखे बसतात, मोठा पंखा हळू फिरूनही तेवढीच हवा देतो आणि वीज बरीच कमी खातो. आता गंमत अशी की सर्व्हरच्या आतला पंखा हा पीयूईच्या हिशोबात सर्व्हरची वीज म्हणून धरतात, म्हणजे आतले पंखे जास्त वीज खाणारे असले तर पीयूई उलट चांगलं दिसतं. आतल्या पंख्यांची वीज कमी करून वर 1.07 आणणं म्हणूनच जास्त अवघड होतं. कुणी नुसता पीयूईचा आकडा नाचवत असेल तर पंख्यांचं आधी विचारा असं मी आता सगळ्यांना सांगतो.

त्याच सुमाराला, फेब्रुवारी 2010 मधे, फेसबुकनं हिपहॉप नावाचं काम जाहीर केलं होतं, त्यात त्यांचा पीएचपी या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतला कोड सी प्लस प्लस या जास्त वेगवान भाषेत बदलून चालवायचा, त्यानं वेब सर्व्हरवरचा सीपीयूचा, म्हणजे मुख्य चिपचा भार सरासरी निम्म्यावर आला. पर्यावरणाच्या चर्चेत हे फारसं कुणी धरत नाही पण माझ्या मते कूलिंगइतकंच वजन याला द्यायला पाहिजे, कारण जो सर्व्हर विकतच घ्यावा लागला नाही त्याला वीजही लागत नाही, हवाही लागत नाही आणि चार-पाच वर्षांनी भंगारातही जात नाही.

7 एप्रिल 2011 ला त्यांनी हे सगळं उघड केलं, ओपन कॉम्प्युट प्रोजेक्ट नावानं. सर्व्हरची, पॉवर सप्लायची, बॅटरी कपाटाची, इमारतीची ड्रॉइंग सगळ्यांना फुकट. तोपर्यंत मोठ्या कंपन्या डेटा सेंटर म्हणजे घरचं गुपित असल्यासारखं झाकून ठेवत होत्या, त्यामुळे ही गोष्ट खरंच मोठी होती.

मग जून 2011 मधे इमारतीच्या आत ढग आला.

शब्दशः आला म्हटलं तरी चालेल इतकी ओल. झालं असं की कंट्रोल सिस्टिमच्या क्रमात चूक होती, बाहेरची हवा आत घेणाऱ्या झडपा बंद झाल्या आणि सर्व्हरमधून निघालेली गरम कोरडी हवाच परत फवाऱ्यांकडे जायला लागली. फवारे आपलं काम करत होते, हवा गरम आणि कोरडी दिसतेय म्हणून आणखी पाणी मारत होते, ती ओली हवा सर्व्हरमधून जाऊन गरम होऊन परत येत होती, परत पाणी. शेवटी सर्व्हरसमोरची हवा 80 फॅरनहाइटच्या म्हणजे 27 डिग्रीच्या वर आणि आर्द्रता 95 टक्क्यांच्या वर गेली. पॉवर सप्लायवर दव धरलं, बरेच सर्व्हर आपोआप रिबूट झाले, काही पॉवर सप्लाय गेल्यामुळे बंद पडले. त्यांचे इन्फ्रास्ट्रक्चर प्रमुख जे पारिख यांनी नंतर हा प्रसंग जाहीरपणे सांगितला. मी वाचला तेव्हा मला आईची ताकीद आठवली, समोरची खिडकी उघडी ठेवा. बंद खोलीत कूलर लावला तर अर्ध्या तासात चादरी ओलसर लागतात, तेच तिथे झालं होतं, फक्त खोली 1,47,000 चौरस फुटांची होती.

त्यांनी मग कंट्रोलचा क्रम दुरुस्त केला, पुढच्या पॉवर सप्लायना ओल लागू नये म्हणून संरक्षण दिलं, आणि काय झालं ते लपवून न ठेवता लिहून टाकलं. मला वाटतं प्रकरण अभ्यास म्हणून हा तुकडा पीयूईच्या आकड्यापेक्षा जास्त कामाचा आहे, कारण चिलर काढला की मधली गादी जाते, हवामान थेट तुमच्या सर्व्हरपर्यंत येतं, आणि सेन्सर आणि झडपा यांचं प्रोग्रॅमिंग हेच तुमचं खरं कूलिंग होऊन बसतं. आपल्याकडे बीएमएसचं (इमारतीतली यंत्रं चालवणाऱ्या कंट्रोल सिस्टिमचं) काम टेंडरमधे सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात स्वस्तात दिलं जातं, त्याची मला म्हणूनच काळजी वाटते.

आता तो बाजूला राहिलेला प्रश्न. वीज किती कमी लागते यावर एवढी मेहनत झाली, पण ती वीज येते कुठून? प्राइनविलला वीज देणारी कंपनी पॅसिफिकॉर्प आणि तिच्या विजेचा निम्म्याहून जास्त भाग कोळशाचा. ग्रीनपीस या पर्यावरण संघटनेनं फेब्रुवारी 2010 मधेच हे उचलून धरलं, सप्टेंबरमधे त्यांचे प्रमुख कुमी नायडू यांनी मार्क झकरबर्गना पत्र लिहिलं, फेसबुकवरच फेसबुकविरुद्ध मोहीम चालली, लाखो लोक जोडले गेले. एप्रिल 2011 मधे तर एका दिवसात 80 हजार कॉमेंटचा गिनेस विक्रम झाला. कंपनीचं सुरुवातीचं म्हणणं साधारण असं होतं की ग्रिडमधे (वीज वाहून नेणाऱ्या जाळ्यात) कुठली वीज येते ते आम्ही ठरवत नाही, आम्ही कमी वीज वापरतो हेच आमचं योगदान. मला हे म्हणणं अप्रामाणिक वाटत नाही, इंजिनिअरला जे त्याच्या हातात दिसतं तेच तो सुधारतो, पण हिशोब करून बघा. कोळशाच्या एका युनिटमागे ढोबळ मानानं एक किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. 1.07 पीयूईचं सेंटर निव्वळ कोळशावर चालवलं तर सर्व्हरच्या 100 युनिटांमागे शंभरेक किलो, आणि 1.8 चं गबाळं सेंटर धरणाच्या विजेवर चालवलं तर 180 युनिटं जळूनही त्याच्या एका छोट्या भागाएवढाच. म्हणजे जागा निवडली त्या दिवशीच, पहिली वीट लावायच्या आधी, बराचसा निकाल लागून गेला होता. हवामान बघून जागा निवडली, वीजघर बघून निवडली नाही.

15 डिसेंबर 2011 ला फेसबुक आणि ग्रीनपीस दोघांनी एकत्र निवेदन काढलं. पुढची डेटा सेंटर कुठे बांधायची ते ठरवताना स्वच्छ वीज मिळते का याला प्राधान्य देऊ असं फेसबुकनं मान्य केलं. 2012 च्या सुरुवातीला गुगलमधे ऊर्जेचं काम बघितलेले बिल वाइल यांना त्यांनी घेतलं, आणि त्याच वर्षी ऑगस्टमधे पहिल्यांदा स्वतःचा हिशोब छापला: 2011 मधे 53 कोटी 20 लाख युनिटं, 2,85,000 टन कार्बन डायऑक्साइड, विजेत स्वच्छ वाटा 23 टक्के आणि कोळसा 27 टक्के. पुढच्या वर्षी, 2012 चा आकडा आला 70 कोटी 40 लाख युनिटं आणि 3,84,000 टन. लक्षात घ्या, जगातल्या सगळ्यात चांगल्या पीयूईच्या इमारती चालू असताना एका वर्षात साधारण एक तृतीयांश वाढ, कारण लोक वाढले, फोटो वाढले, व्हिडिओ वाढले. पीयूई हे गुणोत्तर आहे, वातावरणात मात्र टन जातात.

यानंतरचा प्रवास पटकन सांगतो. स्वीडनमधल्या लुलेओला ऑक्टोबर 2011 मधे जाहीर केलेलं सेंटर जून 2013 मधे सुरू झालं, तिथे नदीवरची जलविद्युत, आणि ग्रिड इतकी भरवशाची की डिझेल जनरेटर 70 टक्क्यांनी कमी ठेवले. प्राइनविलमधेच 2013 मधे जुन्या फोटोंसाठी वेगळी इमारत केली, कारण त्यांच्या लक्षात आलं होतं की 82 टक्के बघणं हे फक्त 8 टक्के फोटोंवर होतं, मग बाकीच्या फोटोंच्या डिस्क चोवीस तास कशाला फिरवायच्या, मागणी आली की चालू करायच्या. 2014 मधे ऑटोस्केल आणलं: गर्दी कमी असताना सगळ्या सर्व्हरना थोडंथोडं काम वाटण्याऐवजी थोड्या सर्व्हरना नीट काम द्यायचं, त्यातून दिवसभराच्या सरासरीत 10 ते 15 टक्के वीज वाचली. आणि 2018 मधे, म्हणजे घोषणेनंतर 8 वर्षांनी, प्राइनविलसाठी 437 मेगावॅटच्या सौर प्रकल्पांचा करार त्याच वीज कंपनीमार्फत झाला, त्यातले काही प्रकल्प गावाच्याच आसपास. वीज कंपनीकडून वेगळी वीज मागता येते हे शेवटी खरं ठरलं, फक्त मागायला 8 वर्षं लागली.

पाण्याचा हिशोब राहिला. कूलर म्हटला की पाणी आलंच. फेसबुकनं 2013 मधे प्राइनविलचा विजेचा आणि पाण्याचा डॅशबोर्ड लोकांसाठी उघडा केला, एका युनिटमागे पाव लिटरच्या आसपास पाणी असा तो आकडा होता. ऐकायला कमी आहे, पण दुष्काळी कोरड्या गावात, जिथे 2012 मधे शेजारी ॲपलनंही जमीन घेतली, तिथे कोटींच्या युनिटांनी गुणलं की गावाच्या नळाला लागतं. ॲपलनं नंतर तिथे पाणी हिवाळ्यात जमिनीखाली साठवून उन्हाळ्यात काढायच्या योजनेला पैसे दिले. कोरडी हवा मिळते तिथे पाणी नसतं, हा पेच कूलरवाल्या प्रत्येक गावाला माहीत आहे, मे महिन्यात कूलरमधे किती बादल्या ओतायच्या यावरून आमच्या घरीही रोज बोलणं व्हायचं.

आता यातलं इकडे काय लागू पडतं. ऐरोली-महापेला प्राइनविलसारखा थेट कूलर चालणार नाही, जून ते सप्टेंबर हवा आधीच पाण्यानं भरलेली असते, वर आणखी पाणी मारून काय गार होणार, कूलर नागपुरात चालतो आणि दादरला चालत नाही त्याचं कारण तेच. म्हणून तिथे चिलर राहणार, पीयूई 1.07 येणार नाही आणि त्यासाठी कुणाला दोष देण्यात अर्थ नाही. पण बाकीचं सगळं समुद्राकाठीही चालतं. समोरची हवा 18 ऐवजी 25-26 वर ठेवणं, गरम आणि गार हवेची वाट वेगळी करणं, यूपीएसचे फालतू टप्पे कमी करणं, रिकामे फिरणारे सर्व्हर बंद करणं, कोड हलका करणं, जुनी माहिती झोपवून ठेवणं. आणि सगळ्यात आधी विजेचा करार, कारण आपल्या ग्रिडमधे कोळशाचा वाटा त्या वेळच्या पॅसिफिकॉर्पपेक्षा कमी नाही.

सरकारी कामात याचा उपयोग टेंडरच्या टप्प्यावर आहे. सध्या मी बघितलेल्या बऱ्याच कागदांत पीयूईची एक ओळ असते, तीही डिझाइनची, प्रत्यक्ष मोजलेली नाही. त्याजागी चार गोष्टी मागाव्यात असं माझं स्पष्ट मत आहे: वर्षभर मोजलेलं पीयूई, वर्षाची एकूण युनिटं, त्यातली सौर-पवन-जल किती तेही करारासकट, आणि पाणी किती व कुठल्या स्रोतातून. हे चार आकडे दर तिमाहीला लोकांसाठी उघडे ठेवायचे. प्राइनविलला 2013 मधे जमलं, त्याला फार मोठं तंत्रज्ञान लागत नाही, मीटर लागतात.

आमच्या इथली सर्व्हर रूम छोटी आहे, आठ रॅकची. मागच्या उन्हाळ्यात वरिष्ठांशी दोन महिने बोलून एसी 18 वरून एकेक डिग्री करत 24 वर आणला, दर डिग्रीला आठवडाभर थांबून सर्व्हरचं तापमान बघत बघत. रॅकमधल्या रिकाम्या फटी पत्र्याच्या पट्ट्यांनी बुजवल्या, त्यामुळे मागची गरम हवा पुढे यायची थांबली. एकही मशीन तापून बंद पडलं नाही, स्वेटर घरी गेला. एसीला आणि यूपीएसला वेगवेगळे मीटर आता बसलेत आणि दर सोमवारी सकाळी वाचन वहीत लिहितो. वहीत एक रकाना वीज कुठली म्हणून आखून ठेवलाय, तो अजून रिकामा आहे, त्यासाठी गच्चीवर सोलर बसवायचा प्रस्ताव वर पाठवलाय.